गाणी लागली का?

परवा शनिवारी सकाळी गाडी सुरू केली आणि रेडिओवर घंटा वाजायला लागल्या. नोव्हेंबरची पहिली तारीख. समोरच्या घराच्या पायरीवर हॅलोवीनचा भोपळा अजून बसलेला होता, एका बाजूने खचलेला, कोरलेल्या तोंडात मुंग्या. बाहेर एकतीस डिग्री. जॅकरंडाची जांभळी फुलं काचेला अशी चिकटलेली की वायपरने निघेनात. आणि त्या सगळ्यात एक बाई फार लाडिक आवाजात बर्फ पडायची वाट बघत होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नाताळला अजून जवळजवळ आठ आठवडे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलाँगाँगला नाताळ भर उन्हाळ्यात येतो, बर्फ तर कधीच पडत नाही. पण रेडिओवाल्यांनी रात्रीतून सगळी गाणी बदलून टाकली होती, जरा उशीर झाला तर सांताक्लॉज दुसऱ्याच गल्लीने निघून जाईल अशा घाईने.

यावर कुरकुर करणं ही आमच्या ऑफिसातली नोव्हेंबरची रीतच आहे. आमचा मॅनेजर ब्रेट कॉफीचा कप हातात घेऊन दरवर्षी तेच म्हणतो, "टू अर्ली, मेट! अजून माझं मागच्या वर्षीचं झाड गॅरेजमध्ये आडवं पडलंय." सगळे हसतात, मीही हसते. लोकांना त्या गाण्यांचा कंटाळा येतो, राग येतो. मला राग येत नाही. मला धास्ती वाटते. गृहपाठ केलेला नसताना बाई वह्या मागायला लागल्या की वाटायची, तशी. तीन वर्षं झाली, पण ती गाणी लागली की मला आमच्या पुढच्या दाराशेजारी उभी असलेली एक निळी बॅग दिसते. परवाही दिसली. मी रेडिओ बंद केला आणि रेवाला नेटबॉलच्या प्रॅक्टिसला सोडून आले.

ती बॅग माझ्या आईची.

आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये घड्याळं दोन होती, पण त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. विश्वास रेडिओवर. सकाळच्या बातम्यांआधीची धून लागली की आई चहा गाळायची. बातम्या संपल्या की बाबांनी दाढी आवरती घ्यायची. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला आणि मी अजून अंथरुणात असले, तर पांघरूण ओढलं जायचं. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते; दिवाळी झाली की गाळप सुरू व्हायचं आणि त्यांच्या कपड्यांना मळीचा वास यायला लागायचा. त्या दिवसांत त्यांच्या शिफ्टा बदलत, जेवणाच्या वेळा बदलत, पण रेडिओ आपल्या जागी. आई म्हणायची, "घड्याळ मागं पडतंय, रेडिओ नाही पडत." तो पुढे पळेल, ही शक्यता तिच्या हिशेबातच नव्हती.

बाबा गेले तेही कार्तिकातच, वद्य नवमीला. गाळप सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. कोविडात बंद पडलेली विमानं तेव्हा नुकती पुन्हा उडायला लागली होती. धावपळ करून, तपासण्या करून, कागद गोळा करून मी सांगलीला पोचले तेव्हा चौथा दिवस होता. मी एकुलती एक. सगळं शेजारच्या सुमनकाकूंनी आणि माझ्या चुलतभावाने निभावलं होतं. आई मला बघून एवढंच म्हणाली, "आलीस? बस." त्या 'बस'मध्ये राग नव्हता, पण मी अजूनही त्या शब्दावर नीट बसलेली नाही.

पुढच्या एप्रिलात मी तिला इकडे घेऊन आले. एकटीने तिथे काय करायचं, असं माझं म्हणणं. तिला यायचं होतं का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. किल्ली सुमनकाकूंकडे दिली, बाबांचा फोटो साडीत गुंडाळून निळ्या बॅगेत ठेवला आणि ती आली.

वॉलाँगाँग तिला आवडलं नाही असं नव्हे. आमच्या मागच्या अंगणात उभं राहिलं की एका हाताला हिरवा डोंगर आणि दुसऱ्या हाताला, दूरवर, पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात. पहिल्याच सकाळी ती धुराड्यांकडे बघून म्हणाली, "आपला कारखानाच की गं." मग रोज चहा घेऊन तिथे उभी राहायची आणि वाफ पांढरी आहे की काळी ते मला येऊन सांगायची. पण आम्ही तिघं गेलो की घर गप्प व्हायचं. माझा नवरा निखिल पहाटेच्या ट्रेनने सिडनीला जायचा, रेवा शाळेत, मी ऑफिसात. म्हणून मी तिच्यासाठी ओट्यावर एक छोटा रेडिओ आणून ठेवला.

इंग्रजी तिला जेमतेम कळायचं. पण रेडिओ कळायचा. कुठल्या धूननंतर बातम्या, कुठल्या आवाजाला ट्रॅफिक, कधी जाहिराती, हे तिने दोन आठवड्यांत बसवलं. सकाळच्या निवेदकाला ती 'तो दात दाखवणारा' म्हणायची, त्याला कधी न बघता. "दात दाखवणाऱ्याचं झालं, आता रेवाला उठव." आमचं घर सांगलीच्या घरासारखं चालायला लागलं. त्या एका गोष्टीने मला इतकं बरं वाटलं की सगळं ठीक चाललंय असं मी धरून चालले.

पितृपक्षात तिने विषय काढला. मी भाजी चिरत होते आणि ती शेंगा सोलत होती.

"मंजू, कार्तिकात मला घरी पोचव. यांचं वर्ष आहे. तिथीला मी तिथं पाहिजे."

"आई, नोव्हेंबरात कसं जमेल? नोकरी नवी आहे. रजा नाही मिळत."

"मला एकटीला बसवून दे मग."

"गुडघे बघ तुझे. सिंगापूरला विमान बदलायचं, किती चालायचं असतं तिथं. ख्रिसमस आला की ऑफिसच बंद होतं, आपण सगळेच जाऊ. तेव्हा करू नीट."

आईने दोन शेंगा सोलल्या. "ख्रिसमस आला की?"

"हो. नक्की."

"बरं," ती म्हणाली.

आता एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. मी रजा मागितलीच नव्हती. नोकरीला तीन महिने झाले होते, प्रोबेशन चालू होतं. ड्रॉइंगच्या टीममध्ये मी एकटीच भारतीय आणि एकटीच बाई. घरच्या अडचणी सांगत येणारी, अशी माझी ओळख व्हायला नको होती. ब्रेटच्या केबिनचं दार सदा उघडं असायचं. त्यावरून मी दिवसातून दहादा जायचे. एकदाही आत गेले नाही. आईला मात्र 'मिळत नाही' म्हणून सांगितलं, जणू मी पदर पसरला होता आणि समोरच्याने नाही म्हटलं.

हे फक्त माझं नाही, अशी मी पुष्कळदा स्वतःची समजूत घातली आहे. न मागता मिळते ती रजा आम्हाला फार गोड लागते. डिसेंबरात ऑफिसला टाळं लागतं, कुणाचे उपकार नकोत, कुणाला कारण सांगायला नको. म्हणून आमचा सगळा भारत डिसेंबरात कोंबलेला असतो. मुंजी, बारशी, भाच्यांची लग्नं, म्हाताऱ्यांची ऑपरेशनं. ज्याला त्याला आम्ही सांगतो, ख्रिसमसला येतोय, तेव्हा बघू. आणि माणसं आपली दुखणीखुपणी घेऊन ख्रिसमसपर्यंत थांबतील असं आम्हाला खरंच वाटतं. वेळ मारून न्यायला याच्याइतकं सोयीचं वाक्य मला दुसरं माहीत नाही.

सण तरी आम्ही कुठे जागच्या जागी ठेवतो? त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींची दिवाळी दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी झाली, कारण हॉल त्याच शनिवारी मोकळा होता. पाचशे चकल्या, नऊवारीतल्या मुली, ध्वनिक्षेपकाची कटकट, सगळं यथासांग. आई साधी सुती साडी नेसून खुर्चीत बसली होती. सूत्रसंचालकाने "शुभ दीपावली!" म्हटल्यावर ती माझ्या कानाशी वाकली. "तुळशीचं लग्न लागलं की गं, आता कसली दिवाळी? वरातीमागून घोडं." मी तिला गप्प केलं. पण ती मजेत होती. दोन करंज्या रुमालात बांधून घेतल्या.

येताना अजून उजेड होता. इथल्या उन्हाळ्याचे दिवस लांबायला लागलेले. निखिलने सवयीने गाडीतला रेडिओ लावला आणि घंटा किणकिणल्या. मागे आईशेजारी बसलेली रेवा, तेव्हा नऊ वर्षांची, ओरडली, "ओह नो! ख्रिसमस साँग्स? इट्स वे टू अर्ली!"

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"ख्रिसमसची गाणी लागली, आजी," निखिल हसत म्हणाला. आईला तोही आजीच म्हणायचा, रेवामुळे.

एका बाजूने उशिरा निघालेली आमची दिवाळी आणि दुसऱ्या बाजूने लवकर निघालेला त्यांचा ख्रिसमस, दोघं त्या दिवशी हायवेवर समोरासमोर भेटले. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. मी आरशातून मागे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती आणि रुमालातल्या करंज्या तिने दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

सोमवारी ऑफिसातून आले तर पुढच्या दाराशेजारी निळी बॅग उभी. कुलूप लावलेलं. हॉलमधल्या छोट्या टेबलावरचा बाबांचा फोटो जागेवर नव्हता. आई खुर्चीत बसलेली, अंगात स्वेटर, पायांत मोजे, हातात पासपोर्टचं पाकीट. ओट्यावर रेडिओ चालू होता.

"हे काय?"

"ख्रिसमस आला की जाऊ म्हणाली होतीस. आला की. सकाळपासून लावतोय तो दात दाखवणारा."

"अगं आई, अजून दीड महिना आहे ख्रिसमसला! ही गाणी आपली उगाच लावतात."

"उगाच कशाला लावतील?"

"लोकांनी खरेदीला लागावं म्हणून. दुकानं चालावीत म्हणून. सगळ्यांना माहीत असतं इथे, कुणी मनावर घेत नाही."

"म्हणजे वेळ झालेली नसताना झाली म्हणून सांगतात."

"तसंच काहीतरी."

तिने पासपोर्टचं पाकीट मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "ख्रिसमस आधी आणता येतो, दिवाळी मागं नेता येते. एवढं सगळं हलतंय तुमच्या इथं. मग माझं तिकीट तेवढं हलत नाही होय?"

मी चिडले. कामावरून आलेली, भुकेली, आणि ती म्हणत होती ते खरं होतं म्हणून जास्तच चिडले. "आई, लहान मुलासारखं करू नकोस. रजा मिळत नाही म्हणून सांगितलं ना?" आईने पासपोर्टचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वेटर काढून घडी घालायला लागली. स्वेटरची एवढी नीट घडी मी कधी पाहिली नव्हती.

बरेच दिवस मी हा किस्सा मैत्रिणींना 'आमच्या आईला रेडिओवरून वाटलं ख्रिसमस आला' म्हणून सांगायचे. सगळ्या हसायच्या. पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर सांगलीहून आणलेली दिनदर्शिका होती. रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहून तिथी-वार बघितल्याशिवाय आई चहाला तोंड लावत नसे. कार्तिक वद्य नवमीच्या चौकोनाला तिने पेन्सिलने गोल केलेला होता. तिला दिवस कळत नव्हता असं मी कुणाच्या जोरावर म्हणू? तिला सगळं कळत होतं. तिने फक्त मला विचारायला एक निमित्त शोधलं होतं, आणि मी ते तिचं वेंधळेपण म्हणून गावभर वाटलं.

बॅग तिने आत नेली नाही. मीही नेली नाही. आम्ही दोघी तिला वळसा घालून जायचो. रेवा तिच्यावर शाळेचं दप्तर ठेवायची. फोटो मात्र आतच होता, मी टेबलावर परत लावू का म्हटलं तर आई म्हणाली, "राहू दे. सारखी उचकापाचक नको त्यांची." रेडिओ दिवसभर तीच गाणी लावायचा. भांडी घासताना आई त्यातली एक चाल गुणगुणायला लागली होती, अर्थ न कळता, भूपाळीसारखी संथ करून. ऐकून माझ्या हातातलं काम थांबायचं.

नवमी शुक्रवारी होती. आमच्याकडे श्राद्ध सांगणारे गुरुजी सिडनीहून येतात, आणि सोमवार ते शुक्रवार ते एका बँकेचे सर्व्हर सांभाळतात. म्हणून शनिवार ठरला. "एकाच दिवसाने तर पुढे जातंय," मी आईला म्हणाले. तिने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मी बघितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा दारातूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रेडिओ बंद होता. रेवा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. "आजी डिडन्ट ईट एनीथिंग," ती हळू आवाजात म्हणाली. "नॉट इव्हन टी." मी मागच्या अंगणात गेले. कुंपणाच्या कडेला, धुराडी दिसतात तिथे, आईने पान वाढून ठेवलं होतं. वरण, भात, गवारीची भाजी, खीर, वडे. केळीचं पान कुठून मिळणार, म्हणून स्टीलचं ताट. दोन पांढरे, तुरेवाले काकाकुवे ताटातले वडे उचलून कुंपणावर बसले होते. इतर वेळी आम्ही त्यांना हुसकावतो. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होती.

"कावळा आला नाही," ती म्हणाली. "हे आले. जाऊ दे, कुणीतरी खाल्लं."

मला तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी म्हणाले, "आई, उद्या गुरुजी येणार आहेत ना, मग आज कशाला उपाशी राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. धुराने अलार्म वाजू नये म्हणून निखिलने स्टुलावर चढून छतावरच्या डिटेक्टरला शॉवर कॅप चढवली. इथल्या प्रत्येक मराठी घरात हे करतात. जावई म्हणून निखिलच पाटावर बसला. दर्भ, तीळ, पळी, ताम्हण, सगळं मी नीट मांडलं होतं. गुरुजींनी संकल्प सुरू केला. देश, काळ, महिना, पक्ष, आणि मग त्या दिवसाची तिथी. दशमी.

आईने मान वर केली. एवढंच. गुरुजी पुढे गेले, निखिलने पाणी सोडलं. इतका वेळ मी स्वतःला सांगत होते की एका दिवसाने काय होतं. काय होतं ते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बाबा ज्या दिवशी गेले तो दिवस आम्ही गाळला होता, आणि आमच्याच घरात, खणखणीत आवाजात, तसं सांगितलं जात होतं.

डिसेंबरात ऑफिसचं ख्रिसमस लंच होतं, समुद्राकाठच्या क्लबात. कागदी मुकुट घालून सगळे कोळंबी सोलत होते आणि वर तीच गाणी. सुट्टीत काय करणार म्हणून ब्रेटने विचारलं. भारतात जाणार, वडिलांना वर्ष झालं, खरं म्हणजे गेल्याच महिन्यात झालं, असं काहीतरी मी बोलून गेले. त्याने कोळंबी खाली ठेवली.

"गेल्या महिन्यात? मग तेव्हा का नाही गेलीस?"

"प्रोबेशन होतं... रजा..."

"विचारायचं तरी, मेट," तो म्हणाला. त्याच्या डोक्यावरचा हिरवा मुकुट कलला होता. "दोन आठवडे काय, तीन दिले असते. नो वरीज."

नो वरीज. इथे हे दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. दार धरून ठेवलं तरी म्हणतात. त्या दिवशी मात्र मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले. नाही म्हटला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. निदान मी आईशी खोटं बोलले नाही असं झालं असतं.

तेवीस डिसेंबरला आम्ही सांगलीला पोचलो. आईने बॅग उंबऱ्याशी ठेवली, आधी फोटो बाहेर काढला, पदराने पुसला आणि खिळ्याला लावला. मग गुडघ्यावर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "उशीर झाला," ती फोटोला म्हणाली. तेवढ्यात सुमनकाकू चहा घेऊन आल्या.

"वहिनी, नवमीला आम्हाला वाटलं येताय तुम्ही. हे आणि मी दोघं येऊन गेलो. कुलूप बघून परत फिरलो."

मी चहाचा कप धरून उभी होते. आता आई सांगेल, असं वाटलं. सांगावं, असंही वाटलं.

"लेकीला रजा नव्हती हो," आई म्हणाली. "फार प्रयत्न केला पोरीने."

सहा आठवड्यांची मनातली भाषणं, क्षमा, कबुली, सगळं त्या एका वाक्यापुढे माझ्यापाशीच राहिलं. परत निघताना तिकीट तिचंही काढलेलं होतं. ती म्हणाली, "मी इथंच बरी आहे." मी एकदा आग्रह केला, दुसऱ्यांदा केला नाही.

तेव्हापासून ती तिथे आहे. श्राद्ध तिथीला करते, चुलतभाऊ पाटावर बसतो, मी व्हिडिओ कॉलवर ऑफिसच्या जिन्यात उभी असते. जातो आम्ही डिसेंबरात. आणि दर नोव्हेंबरात, फोनवर, इकडचं तिकडचं झालं की ती विचारते, "लागली का गं गाणी?" बाकी काही नाही. त्या प्रश्नाच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. मी म्हणते, "नाही अजून." नवमी उलटून जाईपर्यंत 'नाही अजून', आणि मग एक दिवस 'लागली', आणि पाठोपाठ डिसेंबरची तारीख. रेडिओ वेळ झालेली नसताना झाली म्हणून सांगतो. मी वेळ झालेली असताना नाही म्हणून सांगते.

यंदा दिवाळीच्या फोनवर मात्र ती आणखी एक वाक्य बोलली. "आता खाली मांडी घालून बसवत नाही मला. पान वाढायला वाकले तर उठताना धरायला माणूस लागतं. यंदा तिथीला तू असतीस तर बरं झालं असतं." ती कधी असं सरळ मागत नाही. मी म्हणाले, "रजेचं बघते." तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी कुठून आणलं. आज पंधरा दिवस होऊन गेले. ब्रेटचं दार अजूनही उघडंच असतं. मी त्यावरून अजूनही जाते.

आज सोमवार. ऑफिस सुटल्यावर दूध घ्यायला दुकानात शिरले. हॅलोवीनची चॉकलेटं अर्ध्या किमतीला एका टोपलीत लोटलेली, आणि त्याच्याच शेजारी एक कामगार शिडीवर चढून सोनेरी माळा बांधत होता. फोन वाजला. सांगलीत साडेअकरा, भाजी फोडणीला टाकून झाल्याची तिची वेळ.

"कुठं आहेस?"

"दुकानात. दूध संपलंय."

रेवाचं विचारून झालं, निखिलच्या खोकल्याचं झालं. पोर्ट केंब्लाची वाफ पांढरी आहे का तेही झालं. मग ती म्हणाली, "लागली का गं गाणी?"

"नाही गं, अजून नाही," मी म्हणाले.

माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून लहान मुलांचा एक कोरस घंटांसकट उंच चढला. मी फोन कानाशी दाबून धरला, जणू त्याने आवाज पलीकडे जायचा थांबणार होता. जिने सगळा संसार रेडिओच्या आवाजावर चालवला, तिचे कान आहेत ते.

"बरं," ती म्हणाली. "लागली की सांग." आणि तिने फोन ठेवला.

मी ट्रॉली धरून तिथेच उभी राहिले. मागचा माणूस "यू राइट?" म्हणून विचारपूस करत बाजूने गेला. त्या सोनेरी माळेखाली उभं राहून मला एकदम त्या सगळ्या वर्षांची लाज वाटली. माझी, माझ्या 'बघते'ची, माझ्या 'मिळत नाही'ची. मी परत फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, लागलीत गाणी. मघाशीही लागलेली होती."

"ऐकू आलं की."

"शनिवारपासून लागलीत."

"लवकर लावली यंदा."

"हो. फारच लवकर."

"बरं झालं," आई म्हणाली. "नवमी अजून अकरा दिवसांवर आहे. या खेपेला विचारून तरी बघ."